बाथरूमचा एक्स्ट्रॅक्टर फॅन बदलायचाय? यूकेतल्या मराठी घरांमधून वारंवार येणारे प्रश्न

आधी थोडं सांगतो. मी पुण्यात आयटीआयला वायरमन केलं, तिथे सहा वर्षं काम केलं आणि मग इथे येऊन सगळं परत पहिल्यापासून शिकलो, कारण करंट तोच असला तरी नियम आणि वायरींचे रंग वेगळे. आता स्लाउच्या आसपास काम करतो. ऑक्टोबर उजाडला, खिडक्या बंद झाल्या की मराठी लोकांचे तेच तेच मेसेज यायला लागतात, फॅन घरघर करतोय, बुरशी आलीये, ऑनलाइन नवीन घेतलाय आता कसा लावू. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केलेत. नियम इंग्लंडचे आहेत, वेल्स-स्कॉटलंडवाल्यांनी प्रश्न १९ आधी वाचा.

१. एक्स्ट्रॅक्टर फॅन म्हणजे आपला एक्झॉस्ट फॅनच ना? तो असायलाच लागतो का?

हो, तोच. फक्त आपल्याकडे तो खिडकीच्या वरच्या झरोक्यात बसवतात आणि खाली काचेच्या पट्ट्या उघड्याच असतात, त्यामुळे फॅन बंद पडला तरी कुणाचं अडत नाही. इथली घरं थंडीसाठी घट्ट बंद केलेली, वाफेला जायला जागाच नाही, म्हणून फॅन बंद पडला की पंधरा दिवसांत छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके. नवीन घरात बिल्डिंग रेग्युलेशन्सचा (बांधकामाच्या नियमांचा) पार्ट एफ, म्हणजे हवा खेळती ठेवायचा भाग, फॅन मागतो. जुन्या घरात पहिल्यापासून नुसती खिडकीच असेल तर फॅन नाही म्हणून कुणी दंड करत नाही. पण असलेला फॅन काढून भोक बुजवून टाकायचं, हे चालत नाही, आहे ती हवेची सोय आधीपेक्षा वाईट करायची नाही असा सरळ नियम आहे.

२. फॅन मी स्वतः बदलू शकतो का, की रजिस्टर्ड इलेक्ट्रिशियनच लागतो?

इंग्लंडमध्ये आहे त्या जागी, आहे त्याच वायरीवर जुना काढून नवा लावणं याला रिप्लेसमेंट म्हणतात, आणि रिप्लेसमेंट काउन्सिलला कळवावी लागत नाही, बाथरूममध्ये असली तरी. म्हणजे कायद्याने तुम्ही करू शकता. पण कळवायचं नाही याचा अर्थ नियम लागू नाहीत असा लोक काढतात, तो चूक आहे. काम सुरक्षितच असलं पाहिजे असं पार्ट पी (त्याच नियमांमधला विजेच्या कामाचा भाग) म्हणतो, ते सगळ्यांना लागू आहे, आणि सुरक्षित म्हणजे व्यवहारात बीएस ७६७१ प्रमाणे, ज्याला इथे सगळे वायरिंग रेग्ज म्हणतात.

माझं स्पष्ट मत: प्रश्न ७ आणि ८ वाचून जर तुम्हाला वाटलं की हे आपल्याला जमेल आणि योग्य टेस्टर हातात आहे, तर करा. वाचताना घाम फुटला तर माणूस बोलवा, अर्ध्या-पाऊण तासाचं काम असतं.

३. मग काउन्सिलला नेमकं कधी कळवावं लागतं?

२०१३ पासून इंग्लंडमध्ये यादी छोटी झालीये. नवीन सर्किट टाकलं, कन्झ्युमर युनिट (फ्यूज बॉक्स) बदललं, किंवा बाथरूमच्या 'स्पेशल लोकेशन'मध्ये आहे त्या सर्किटला काही वाढवलं-बदललं, तर कळवायचं. स्पेशल लोकेशन म्हणजे अख्खं बाथरूम नाही बरं का, टब किंवा शॉवरच्या भोवतीची जागा (मापं प्रश्न ४ मध्ये).

आता गंमत बघा. फॅन टबच्या वरच्या भिंतीवर १.९ मीटरवर होता, तो काढून तिथेच नवा लावला, तर कळवायचं नाही. तोच फॅन वायर वाढवून दीड फूट सरकवला आणि अजूनही टबच्या वरच आहे, तर तो बदल झाला, कळवायचं. आणि जिथे फॅन नव्हताच तिथे छतात २.४ मीटरवर नवीन बसवला, लाइटच्या सर्किटवरून वायर घेतली, तर कळवायचं नाही, कारण छत त्या जागेच्या वर आहे. ऐकायला उलटं वाटतं पण असंच आहे. सगळा खेळ वायरीला हात लावला का आणि कुठे लावला, यावर आहे, फॅनवर नाही.

कळवायचं असेल तर सोपा रस्ता म्हणजे एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या स्कीमवर नाव असलेला इलेक्ट्रिशियन, तो स्वतःच नोंद करतो आणि तुम्हाला सर्टिफिकेट येतं. स्वतः करणार असाल तर काम सुरू करायच्या आधी काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडे अर्ज आणि फी, आणि ती फी बघितली की बहुतेक लोक मुकाट्याने इलेक्ट्रिशियनला फोन करतात.

४. हे झोन झोन म्हणतात ते काय प्रकरण आहे?

टबच्या किंवा शॉवर ट्रेच्या आतली जागा म्हणजे झोन ०, तिथे पाणी साठतं. त्याच्या बरोबर वरची जागा, जमिनीपासून २.२५ मीटरपर्यंत, झोन १. शॉवरचा फिक्स नळ त्याहून उंच असेल तर त्या उंचीपर्यंत. झोन १ च्या कडेपासून बाजूला ०.६ मीटर म्हणजे झोन २. बाकी सगळं झोनच्या बाहेर. वेट रूम असेल, म्हणजे आपल्याकडच्यासारखी सरळ फरशी आणि ट्रे नाही, तर शॉवरच्या मध्यापासून १.२ मीटर सगळा झोन १ आणि मग झोन २ वेगळा धरत नाहीत.

एक ताई विचारत होत्या की आम्ही बादली-तांब्यानेच अंघोळ करतो, मग झोन बदलतो का. नाही, झोन शॉवरच्या जागेवरून ठरतो, तुम्ही अंघोळ कशी करता त्यावरून नाही. पण तांब्याने पाणी कुठवर उडतं ते आपल्याला माहितीये, तेव्हा झोनच्या बाहेर असला तरी पाण्याच्या शिंतोड्यांना टिकणाराच फॅन घ्या.

५. दुकानात वीस प्रकारचे फॅन आहेत, कोणता घेऊ?

आधी टेप घेऊन दोन मापं घ्या, भोकाचा व्यास आणि फॅनपासून बाहेरच्या जाळीपर्यंत पाइप किती लांब आहे. घरांमध्ये बहुतेक वेळा १०० मिलिमीटर म्हणजे चार इंचीच असतो.

हवा किती ओढायला हवी, तर बाथरूमला सेकंदाला १५ लिटर, नुसत्या टॉयलेटला ६ लिटर. खोक्यावर कधी कधी तासाला क्यूबिक मीटर लिहिलेलं असतं, त्याला ३.६ ने भागा, म्हणजे ५४ लिहिलं असेल तर १५ लिटर. पण खोक्यावरचा आकडा पाइप नसतानाचा असतो. भिंतीतून सरळ बाहेर जात असेल तर साधा पंख्यासारखा ॲक्सियल फॅन पुरतो. पाइप छतावरच्या लॉफ्टमधून तीन-चार मीटर वळणं घेत जात असेल तर ॲक्सियल नुसता आवाज करतो, हवा हलत नाही, तिथे सेंट्रिफ्युगल किंवा पाइपच्या मध्ये बसणारा इनलाइन फॅन घ्या.

झोन १ किंवा २ मध्ये असेल तर आयपीएक्स४ (शिंतोड्यांना टिकणारा, हेच त्याचं आयपी रेटिंग) किंवा त्याहून वरचा, आणि कंपनीच्या कागदावर 'झोन १ साठी योग्य' असं लिहिलेलं असलं पाहिजे. १२ व्होल्टचा एसईएलव्ही (सुरक्षित कमी व्होल्टेजवर चालणारा) फॅनपण मिळतो, तो झोन १ साठी छान, पण त्याचा ट्रान्सफॉर्मर झोनच्या बाहेर ठेवायचा. एका काकांनी तो टबच्या पॅनलच्या मागे ठेवला होता, 'दिसत नाही ना' म्हणून.

६. लाइट बंद केली तरी फॅन चालूच राहतो, बिघडलाय का?

नाही हो, तो टायमर आहे. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये लाइट बंद केल्यावरही १५ मिनिटं फॅन चालला पाहिजे असं पार्ट एफच म्हणतो. फॅनच्या कव्हरखाली छोटासा स्क्रू असतो, त्याने वेळ कमी-जास्त होते, पण कव्हर उघडायच्या आधी सप्लाय बंद, बोट लावायच्या अंतरावर २३० व्होल्ट असतात तिथे.

ह्युमिडिस्टॅटवाला असेल तर तो हवेतला ओलावा बघून स्वतःच चालू होतो, आणि पावसाळी दिवशी किंवा बाथरूममध्ये कपडे वाळत घातले असतील तर दिवसभर चालतो. विजेची काळजी करू नका. दहा वॅटचा फॅन चोवीस तास चालला तरी दिवसाला पाव युनिटसुद्धा होत नाही.

७. सप्लाय नेमका कुठून बंद करायचा? लाइटचं बटण बंद केलं की झालं ना?

नाही. आणि ह्या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो असं समजा.

टायमरच्या फॅनला लाइट बंद झाल्यावरही चालायचं असतं, मग त्याला करंट कुठून मिळणार? त्याला एक कायम चालू असलेली वायर असते, परमनंट लाइव्ह. लाइटच्या स्विचवरून येते ती दुसरी, स्विच्ड लाइव्ह, ती फॅनला फक्त 'सुरू हो' म्हणून सांगते. तुम्ही दोरी ओढून लाइट बंद केली, फॅन शांत झाला, कव्हर काढलं, आणि परमनंट लाइव्ह तिथे जिवंतच आहे.

बाथरूमच्या दाराच्या वर बाहेरच्या बाजूला फॅनचं चिन्ह असलेला चौकोनी स्विच असतो, तो थ्री-पोल आयसोलेटर, तो परमनंट लाइव्ह, स्विच्ड लाइव्ह आणि न्यूट्रल तिन्ही तोडतो. तो बंद करा, पण त्याच्यावर विसंबू नका, कारण बसवणाऱ्याने आतली जोडणी बरोबर केली असेलच असं नाही. जाऊन कन्झ्युमर युनिटचा मेन स्विचच पाडा. फ्रिज तासभर बंद राहिला तर काही होत नाही.

नुसता लाइटचा एमसीबी (कन्झ्युमर युनिटमधला त्या एका सर्किटचा छोटा स्विच) का नको, ते सांगतो. हाउन्स्लोला एका घरी गेलो होतो, जुनं घर, मालकाने वरच्या मजल्याच्या लाइटचा एमसीबी पाडून ठेवला होता, बाथरूमची लाइट गेलेली, स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन स्टुलावर उभा. मी म्हटलं थांबा जरा. टेस्टर लावला तर २३८ व्होल्ट. कुणीतरी कधीकाळी फॅनची परमनंट लाइव्ह खालच्या मजल्याच्या लाइटवरून घेतली होती, जवळ पडली म्हणून. तो माणूस माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. नंतर त्याच्या बायकोने चहा दिला तेव्हा त्याचा कप बशीवर वाजत होता.

टेस्टर कोणता, तर आपला तो निऑनचा दिवा असलेला स्क्रू ड्रायव्हर नाही. आणि जवळ नेला की पी-पी करणारं पेनपण नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर, ज्यावर जीएस३८ (टेस्टर सुरक्षित कसा असावा याची इथली मार्गदर्शिका) प्रमाणे असल्याचं लिहिलेलं असतं. आधी चालू आहे हे माहीत असलेल्या ठिकाणी लावून तो दाखवतोय ना ते बघायचं, मग सप्लाय पाडून फॅनच्या टर्मिनलवर सगळ्या जोड्या बघायच्या, दोन्ही लाइव्ह ते न्यूट्रल, दोन्ही लाइव्ह ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ, आणि मग परत टेस्टर खात्रीच्या ठिकाणी लावून तो मध्येच मेला नाही ना हे बघायचं. मेन स्विच पाडल्यावर घरात खात्रीचं ठिकाण उरत नाही, त्यासाठी छोटं बॅटरीवरचं प्रूव्हिंग युनिट मिळतं.

८. काळी वायर न्यूट्रल ना? आपल्याकडे तशीच असते.

आपल्याकडे असते, हो. लाल-पिवळा-निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ, हे आमच्या मास्तरांनी घोटून घेतलेलं. इथे ते डोक्यातून काढून टाका.

इथे २००४ मध्ये रंग बदलले आणि मार्च २००६ नंतरच्या कामाला नवेच रंग सक्तीचे झाले. दोन वायरींच्या केबलमध्ये तपकिरी लाइव्ह, निळा न्यूट्रल. पण टायमर फॅनला तीन कोरची केबल जाते, तिच्यात तपकिरी, काळी आणि करडी असतात. बहुतेक वेळा तपकिरी परमनंट लाइव्ह, काळी स्विच्ड लाइव्ह आणि करडी न्यूट्रल. म्हणजे जी काळी तुम्ही न्यूट्रल समजताय तिच्यात फेज आहे! नियमाप्रमाणे काळीवर तपकिरी नळी आणि करडीवर निळी नळी चढवायची असते, घाईत कुणी चढवत नाही.

२००६ च्या आधीचं घर असेल तर लाल लाइव्ह आणि काळा न्यूट्रल, अगदी आपल्यासारखं, आणि म्हणूनच जास्त फसवं, कारण लाइटच्या स्विचकडून परत येणारी काळी वायर तिथेही स्विच्ड लाइव्ह असते. जुन्या तीन कोरमध्ये लाल-पिवळी-निळी. आणि अर्ध्याअधिक घरांत जुनी-नवी दोन्ही एकत्र.

म्हणून रंगावर जाऊ नका. जुना फॅन सोडायच्या आधी टर्मिनलचा फोटो काढा, कोणती वायर एल (परमनंट लाइव्ह), कोणती एलएस किंवा एस-एल (स्विच्ड लाइव्ह), कोणती एन (न्यूट्रल) ला होती ते चिकटपट्टीवर लिहून वायरीला लावा. फोटो अंधुक येतो, चिकटपट्टी खोटं बोलत नाही.

९. जुन्या फॅनला दोनच वायर आहेत, नवा टायमरवाला तीन मागतोय. दोन टर्मिनलमध्ये तुकडा टाकून जोडू का?

एल आणि एलएस मध्ये तुकडा टाकला तर फॅन चालेल, पण टायमर नाही चालणार, लाइट बंद झाली की फॅनची वीजच जाईल. टायमर फुकट. काही फॅनच्या कागदावर टायमरशिवाय जोडायची वेगळी पद्धत दिलेली असते, ती बघा. सरळ उपाय म्हणजे टायमर नसलेला फॅन घ्या. टायमर हवाच असेल तर तीन कोरची नवी केबल ओढावी लागेल, आणि मग ती रिप्लेसमेंट राहिली नाही, प्रश्न ३ बघा.

१०. नव्या फॅनला अर्थचं टर्मिनलच नाहीये, हिरवी-पिवळी वायर कापून टाकू का?

कापायची नाही! बहुतेक बाथरूम फॅन डबल इन्सुलेटेड असतात, खोक्यावर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं, त्यांना अर्थ लागत नाही. पण केबलमधली अर्थ तशीच ठेवायची, उघड्या भागावर हिरवी-पिवळी नळी चढवायची आणि तिला एका वेगळ्या कनेक्टरमध्ये बंद करून फॅनच्या मागे नीट ठेवायची. उद्या कुणी धातूचा फॅन लावला तर त्याला ती लागेल. डबल इन्सुलेटेड फॅनच्या कुठल्या तरी स्क्रूला अर्थ बांधून ठेवणं हेही चूक, मी ते दोनदा पाहिलंय.

११. ३ अँपिअरचा फ्यूज हवाच का? आमच्याकडे तर नाहीये.

फॅनच्या कागदावर लिहिलं असेल तर हवा, कारण कंपनीच्या सूचना पाळायच्या असं वायरिंग रेग्जच सांगतात. लाइटचा एमसीबी ६ अँपिअरचा असतो, फॅनची मोटर जाम झाली तर ती तापत बसेल आणि ६ अँपिअरचा एमसीबी गप्प राहील, म्हणून काही कंपन्या ३ मागतात. काही मागत नाहीत. आता टायमर फॅनला दोन लाइव्ह जातात, दोघींना फ्यूजमधून आणायचं तर फ्यूज लाइटच्या स्विचच्या आधी बसवतात, म्हणजे त्या बाथरूमची लाइट आणि फॅन दोन्ही त्याच ३ अँपिअरवर. तो बाथरूमच्या बाहेर.

१२. स्विच आत का नाही ठेवत? दोरी किती घाण होते.

दोरी इन्सुलेटेड असते म्हणून ती झोनमध्येसुद्धा लोंबकळली तरी चालते, भिंतीवरचा २३० व्होल्टचा स्विच झोन १ आणि २ मध्ये चालत नाही. झोनच्या बाहेर, मोठ्या बाथरूममध्ये भिंतीवर स्विच लावायला नियमाने बंदी नाही, पण इथल्या बाथरूममध्ये झोनच्या बाहेर जागाच किती उरते? साधं सॉकेट तर झोन १ च्या कडेपासून २.५ मीटर लांब हवं (२०२२ च्या आधी हे ३ मीटर होतं). दोरी धुता येते आणि बदलतापण येते, स्वस्त असते.

१३. आमचा फ्यूज बॉक्स जुना आहे, आरसीडी नाहीये. तरी फॅन बदलू शकतो का?

हा खरा अवघड प्रश्न. २००८ पासून बाथरूममध्ये जाणाऱ्या सगळ्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (करंट गळायला लागला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) पाहिजे असा नियम आहे. नियम मागे जाऊन लागू होत नाही, तुमचं जुनं वायरिंग त्या काळी बरोबर असेल तर नुसतं त्यामुळे ते बेकायदेशीर ठरत नाही. पण आज तुम्ही जे काम कराल ते सुरक्षित असलं पाहिजे आणि आहे त्यापेक्षा वाईट करायचं नाही.

आरसीडी नसलेल्या जुन्या बाथरूममध्ये बचाव सप्लिमेंटरी बॉन्डिंगवर असतो, म्हणजे नळाचे तांब्याचे पाइप, रेडिएटर वगैरे हिरव्या-पिवळ्या वायरीने क्लॅम्प लावून एकमेकांना जोडलेले असतात. बेसिनच्या खाली किंवा एअरिंग कपाटात (गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात) बघा, दिसेल. बाथरूम नवीन करताना प्लंबरने ती वायर काढून फेकलेली असते आणि कुणाला पत्ता नसतो. आरसीडीही नाही आणि बॉन्डिंगही नाही, अशा ठिकाणी मी स्वतः फॅन लावत नाही, आधी ते नीट करतो. बाहेरच्या बाजूला आरसीडी असलेला फ्यूज स्पर (फ्यूज बसवलेला जोडणीचा पॉइंट) लावणं हा एक उपाय, पण त्याने फक्त फॅन सांभाळला जातो. कन्झ्युमर युनिट बदलणं हा चांगला उपाय, आणि ते कळवायच्या यादीत येतं.

१४. फॅनमधून पाणी टपकतंय. छत गळतंय का?

थंडीतच टपकतं ना? मग छत नाही. गरम वाफ लॉफ्टमधल्या थंड पाइपात जाते, तिथे तिचं पाणी होतं आणि ते उताराने परत फॅनमध्ये येतं. पाइप इन्सुलेटेड हवा आणि त्याचा उतार बाहेरच्या जाळीकडे हवा, फॅनकडे नाही. लवचिक पाइप मध्येच झोळीसारखा लोंबत असेल तर त्या झोळीत पाणी साठतं, मी एकदा उचलला तर अर्धा लिटर तरी माझ्या बाहीत गेलं.

आणि पाइप बाहेर जातोय ना तेही बघा. काही जण लॉफ्टमध्येच सोडून देतात. वाफ घराबाहेरच गेली पाहिजे, नाहीतर खालची बुरशी वर वाशांना लागते.

१५. नवीन महागडा फॅन लावला तरी आरसा धुकटच, काय चुकलं?

दार बंद करून फॅन लावा आणि दाराच्या खाली टिश्यू धरा. आत ओढला गेला नाही तर बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी येणारी हवाच नाही. दाराखाली जमिनीच्या वर १० मिलिमीटर फट हवी, आणि लोक नवीन जाड मॅट टाकून ती बुजवतात. दुसरं, बाहेर जाऊन जाळीच्या पट्ट्या उघडतायत का बघा, रंगाने चिकटलेल्या असतात, एकदा आत पक्ष्याचं घरटं निघालं. पाइपाचं प्रश्न ५ मध्ये आलंय.

१६. छतावर खडबडीत डिझाइन आहे, भोक मोठं करायचंय, सरळ करवत मारू?

थांबा. ते आर्टेक्ससारखं टेक्स्चर्ड कोटिंग असेल आणि घर २००० च्या आधीचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, इथे त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. बघून कळत नाही, नमुना लॅबला पाठवून तपासतात. निकाल येईपर्यंत घासायचं नाही, कापायचं नाही. भोकाला हात न लावता त्याच मापाचा फॅन बसत असेल तर तोच घ्या, पण जुन्या स्क्रूची भोकंही जुळली पाहिजेत, नवं ड्रिल मारणं हेही तेच.

१७. बाथरूमच्या शेजारी गॅस बॉयलर आहे, फॅनचा त्याच्याशी काय संबंध?

आजकालचे बॉयलर रूम-सील्ड असतात, हवा बाहेरून घेतात आणि धूर बाहेर टाकतात, त्यांना फरक पडत नाही. पण जुना ओपन-फ्लू बॉयलर किंवा हॉलमधली गॅसची शेकोटी असेल तर जोरदार फॅन घरातली हवा ओढताना तो धूर चिमणीतून उलटा घरात ओढू शकतो, कार्बन मोनॉक्साइडसकट. अशा घरात आधीपेक्षा जास्त ताकदीचा फॅन लावण्याआधी गॅस सेफ रजिस्टर्ड (गॅसच्या कामाची नोंदणी असलेल्या) माणसाकडून स्पिलेज टेस्ट (धूर उलटा घरात येतो का ही तपासणी) करून घ्या. हे माझं काम नाही, मीपण त्यालाच बोलावतो.

१८. फ्लॅटमध्ये राहतो / भाड्याने राहतो, मग?

भाड्याने असाल तर हात लावू नका, घरमालकाला लेखी कळवा, फोटोसकट. इंग्लंडमध्ये खासगी घरमालकाला किमान दर पाच वर्षांनी इलेक्ट्रिकल तपासणी करून घ्यावी लागते, तो रिपोर्ट मागायचा तुम्हाला हक्क आहे.

स्वतःचा लीजहोल्ड फ्लॅट असेल तर दोन गोष्टी बघा. भिंतीतल्या जाळीच्या मागे सगळ्या मजल्यांचा सामायिक डक्ट असेल तर त्यात स्वतःचा फॅन बसवायचा नाही, तुमची वाफ आणि वास वरच्यांच्या बाथरूममध्ये जातो. आणि वर दुसऱ्याचा फ्लॅट असेल तर छतातलं भोक म्हणजे आगीच्या अडथळ्यातलं भोक, ते फायर-स्टॉपिंग करूनच, मॅनेजमेंटची परवानगी घेऊनच.

१९. आम्ही कार्डिफ / ग्लासगोला आहोत, हेच नियम का?

बीएस ७६७१ सगळीकडे तेच, म्हणजे झोन, आरसीडी, रंग हे सगळं तसंच. कळवायचे नियम वेगळे. वेल्सने २०१३ ची सूट घेतली नाही, त्यांची यादी अजून मोठी आहे, पण जशास तसा फॅन बदलणं तिथेही कळवावं लागत नाही. स्कॉटलंडमध्ये पार्ट पी नाहीच, बिल्डिंग वॉरंटची वेगळी पद्धत आहे, नॉर्दर्न आयर्लंडचंही वेगळं. काम रिप्लेसमेंटच्या पुढे जात असेल तर तिथल्या काउन्सिलला आधी विचारा.

२०. दादा, माझा भाऊ पुण्यात वायरमन आहे, महिनाभर आलाय. येताना तिकडचा फॅनपण आणलाय. त्याने लावला तर?

फॅन २३० व्होल्ट ५० हर्ट्झचाच असतो त्यामुळे फिरेल, पण त्याला टायमर नाही, मागे १०० मिलिमीटर पाइपाचं तोंड नाही आणि बहुतेकांवर आयपी रेटिंग लिहिलेलं नसतं, म्हणजे झोनमध्ये तो लावायचाच नाही. किचनच्या खिडकीचा फॅन आणलात तुम्ही, त्याला शेडमध्ये लावा.

भाऊ चांगला वायरमन असेल यात शंका नाही, मीपण तिथलाच आहे. पण त्याचा हात सवयीने काळ्या वायरीला न्यूट्रल समजून जातो, माझाही पहिलं वर्ष जायचा. त्याला प्रश्न ७ आणि ८ वाचायला द्या, मेन स्विच पाडून द्या आणि त्याला शिडी धरायला किंवा फोटो काढायला बसवा.

२१. घर विकतोय. फॅन मागच्या मालकाने टबच्या वर बसवलाय, काहीच कागद नाहीत. वकील सर्टिफिकेट मागतोय.

तो फॅन पहिल्यापासून तिथे होता आणि कुणी नुसता बदलला असेल तर कळवायचं सर्टिफिकेट नसतंच, तसं वकिलाला लिहून द्या. झालेल्या कामाचं मायनर वर्क्स सर्टिफिकेट असेल तर उत्तम, रिप्लेसमेंटला मीही ते देतो. नवीनच बसवला होता आणि कळवलं नाही, असं असेल तर काउन्सिलकडे मागाहून रेग्युलरायझेशनचा अर्ज करता येतो, ते तपासणी मागतात. पुष्कळ वेळा खरेदीदार ईआयसीआर म्हणजे अख्ख्या घराच्या वायरिंगचा रिपोर्ट बघून समाधानी होतो. पण तो करायला माणूस बोलवायच्या आधी शिडीवर चढून फॅनवरचं लेबल वाचा. आयपी रेटिंगच नसलेला साधा फॅन टबच्या वर असेल तर रिपोर्टमध्ये तो शेरा हमखास येणार, तेव्हा तो आधीच बदला, आणि बदलताना प्रश्न ४ मधली मापं टेप लावून घ्या, अंदाजाने नाही.